बीएस-एमडीची जागा हातात असताना: एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंच्या मुलीला राज्यातल्याच सात वर्षांच्या बीएस-एमडी (कॉलेजची पदवी आणि डॉक्टरकी एकत्र) कार्यक्रमात जागा मिळाली आहे. तीन वर्षं कॉलेज, मग ठरलेल्या मेडिकल स्कूलमध्ये चार वर्षं. कॉलेजने निम्मी फी माफ केली आहे. त्याच वेळी एका नामांकित खासगी विद्यापीठात तिला साधा प्रवेश मिळालाय, तिथे मदत शून्य. वडिलांचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही. मुलगी म्हणते, डॉक्टर व्हायचंय, पण सतराव्या वर्षी सगळं आयुष्य ठरवून टाकायचं नाही. १ मेपर्यंत कळवायचं आहे आणि घरात रोज रात्री तोच विषय.

ताई, मी इंटरनल मेडिसिनची डॉक्टर आहे. वॉर्डात मेडिकलची मुलं शिकवते आणि बरीच वर्षं प्रवेशाच्या मुलाखती घेते आहे. दोन्ही वाटांनी आलेली मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. राउंडला उभी असताना कोण कुठल्या वाटेने आलं हे मला ओळखता येत नाही, हे आधीच सांगते. त्यामुळे एक वाट हुशार मुलांची आणि दुसरी कच्च्यांची, असला विचार आधी बाजूला ठेवू.

तुमच्या घरी वाद 'खात्री विरुद्ध धोका' असा चाललाय. मला वाटतं त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. डॉक्टर व्हायचं का, हा एक. आणि व्हायचंच असेल तर या कॉलेजात राहून, या मेडिकल स्कूलमधून व्हायचं का, हा दुसरा. मुलगी जे 'नको' म्हणतेय ते यातल्या कशाला, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. कॉलेज लहान वाटतं, घराजवळ आहे, मैत्रिणी दुसरीकडे चालल्यात, म्हणून नको असेल तर त्यावर बोलता येतं. डॉक्टरकीबद्दलच मनात शंका असेल तर तिला सात वर्षांच्या रुळावर बसवणं हा त्या शंकेवरचा उपाय नाही. तिच्याशी वडील समोर नसताना, गाडीत जाता-येता वगैरे, एकदा निवांत बोला. पुढचं सगळं त्या बोलण्यावर अवलंबून आहे.

वडिलांची बाजूही मला कळते. महाराष्ट्रात बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला की घरात पेढे वाटले जातात, कारण तिथे प्रवेश मिळणं हीच मोठी लढाई असते. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतरचं आहे. जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये मेडिकलला येण्याआधी पदवी हवी अशी अट घातली, मेडिकल शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर देशभरच्या मेडिकल शाळांची कडक छाननी झाली, आणि पुढे चार वर्षं कॉलेज अधिक चार वर्षं मेडिकल हाच रिवाज पडला. बीएस-एमडी हा त्या रिवाजाला काढलेला आडमार्ग. मिसुरी विद्यापीठाचा कॅन्सस सिटीतला सहा वर्षांचा कार्यक्रम १९७१ पासून चालू आहे. तो आपल्या एमबीबीएसच्या सर्वांत जवळचा. उलट ब्राऊन विद्यापीठाचा पीएलएमई हा असाच कार्यक्रम पूर्ण आठ वर्षांचाच आहे. तिथे वर्ष वाचत नाही, फक्त एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यावी लागत नाही आणि मेडिकलची जागा राखलेली असते, म्हणून मुलं कॉलेजात संगीत शिका, इतिहास शिका, काहीही करू शकतात. म्हणजे 'बीएस-एमडी' या एका नावाखाली दोन उलट गोष्टी नांदतात. काही कार्यक्रम वेळ कापतात, काही मोकळीक देतात. तुमच्या मुलीला मिळालाय तो वेळ कापणाऱ्यांपैकी आहे आणि तिला हवी आहे मोकळीक. घरातल्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं.

आता धोका किती, ते आकड्यांत बघू. २०२३-२४ च्या फेरीत अमेरिकेतल्या एमडी मेडिकल स्कूल्सकडे ५२,५७७ जणांनी अर्ज केले आणि २२,९८१ जणांनी प्रवेश घेतला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं त्या वर्षी बाहेर राहिली. अर्जापर्यंत न पोहोचलेली मुलं यात धरलेलीच नाहीत. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या सत्रात किती जण गुपचूप मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलतात, हे कॉलेजांत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. पण हीच आकडेवारी दुसऱ्या बाजूने वाचली तर चित्र बदलतं. ज्यांचा जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी) ३.८ च्या आसपास किंवा वर आणि एमकॅट ५१४ च्या पुढे, अशांतल्या दहापैकी सात-आठ जणांना कुठे ना कुठे जागा मिळते. सात वर्षांच्या कार्यक्रमात निवड झालेली मुलगी अभ्यासात टिकली तर या गटात बसण्याची शक्यता चांगली आहे. मात्र ते दहातले दोन-तीन उरतातच, आणि त्यांचे मार्क कमी नसतात. अर्ज उशिरा गेला, शाळांची यादी चुकीची निवडली, मुलाखतीत पाठ केलेलं बोलले, अशा कारणांनीही वर्ष जातं.

साध्या वाटेचा खरा खर्च वेळात मोजावा लागतो. एमकॅटसाठी एक अख्खा उन्हाळा जातो. परीक्षाच साडेसात तासांच्या आसपास चालते. मग जूनमध्ये मुख्य अर्ज, पाठोपाठ प्रत्येक शाळेचे वेगळे निबंध, हिवाळाभर मुलाखती. हल्ली प्रवेश घेणाऱ्यांतले निम्म्याहून कितीतरी जास्त जण कॉलेज संपल्यावर एक-दोन वर्षं काम करून येतात. म्हणजे चार अधिक चार हे प्रत्यक्षात बऱ्याचदा चार, एक, चार असतं. तुमची तुलना सात आणि आठची नसून सात आणि कदाचित नऊ-दहाची आहे, हे वडिलांच्या बाजूने मांडायला हवं.

पण मधलं ते वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही. एकदा मुलाखतीला आलेल्या मुलीने वर्षभर नर्सिंग होममध्ये मदतनीस म्हणून काम केलं होतं. मी विचारलं, तिथे काय शिकलीस? ती म्हणाली, पक्षाघात झालेल्या माणसाला भरवायला शिकले. घास तोंडाच्या चांगल्या बाजूला ठेवायचा, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगायची, गिळल्याचं गळ्याकडे बघून कळेपर्यंत दुसरा चमचा भरायचाच नाही, आणि तेवढा वेळ घड्याळाकडे बघायचं नाही. त्या उत्तरानंतर तिला डॉक्टर का व्हायचंय हे मला विचारावं लागलं नाही. सात वर्षांच्या वाटेने आलेली मुलं हे शिकतच नाहीत असं नाही, पण त्यांना ते रेसिडेन्सीच्या, म्हणजे एमडीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, धबडग्यात शिकावं लागतं. तुमची मुलगी या वाटेने गेली तर साधारण विसाव्या-एकविसाव्या वर्षी मेडिकल सुरू करेल आणि तेविसाव्या वर्षाच्या आत रुग्णाच्या खाटेशी उभी असेल. काही मुलं त्या वयात विलक्षण समंजस असतात. तुमची कशी आहे, ते तुम्हीच जाणता.

आता मी सर्वांत जास्त आग्रह धरेन ती गोष्ट. कार्यक्रमाचं प्रवेशपत्र आणि त्यासोबतच्या अटी कुणी नीट वाचल्यात का? 'गॅरंटीड' हा शब्द पहिल्या पानावर असतो आणि त्या गॅरंटीच्या अटी पुढच्या पानांवर. किमान जीपीए किती, आणि तो एकूण की फक्त विज्ञान विषयांचा? एखाद्या विषयात बी पेक्षा खाली गेलं तर लगेच जागा जाते की एक सत्र सुधारायला मिळतं? एमकॅट द्यायची आहे का, द्यायची तर किमान स्कोअर किती आणि किती प्रयत्नांत? काही ठिकाणी एमकॅट नसतेच, आणि काही ठिकाणी अट इतकी उंच असते की तेवढा स्कोअर आणू शकणाऱ्या मुलीला या हमीची फारशी गरजच उरत नाही. बाहेरच्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर इथली जागा सोडावी लागते का, हेही बघा. बऱ्याच कार्यक्रमांत सोडावी लागते.

तीन अधिक चार असलेल्या कार्यक्रमांत आणखी एक बारकावा असतो आणि तो मुलाखतीच्या दिवशी सहसा कुणी सांगत नाही. कॉलेजची पदवी पूर्ण व्हायला चौथ्या वर्षाची क्रेडिट लागतात, आणि ती बऱ्याचदा मेडिकलच्या पहिल्या वर्षातून धरली जातात. समजा तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्या लक्षात आलं की हे आपलं काम नाही. तेव्हा तिच्या हातात पदवी असेल का? नसेल तर चौथं वर्ष त्याच कॉलेजात करता येईल का, आणि शिष्यवृत्ती चालू राहील का? मेजरही तपासा. तीन वर्षांत पदवी गुंडाळायची म्हणून कित्येक ठिकाणी जीवशास्त्राखेरीज मेजर घेताच येत नाही, आणि उन्हाळे वर्गात जातात. दुसऱ्या वर्षी तिला संख्याशास्त्र किंवा भाषाशास्त्र आवडू लागलं तर त्याला जागा आहे का? एखादा कार्यक्रम चांगला की वाईट हे मी त्यात शिरताना काय मिळतं यापेक्षा त्यातून बाहेर पडताना काय गमवावं लागतं यावरून ठरवते. एका विद्यार्थिनीने असाच कार्यक्रम दुसऱ्या वर्षी सोडला आणि त्याच कॉलेजात पब्लिक हेल्थची पदवी घेतली. कॉलेज भक्कम होतं, म्हणून तिचं काही अडलं नाही. दुसरा एक मुलगा मन उडालेलं असूनही रेटत राहिला, कारण गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर त्याचा सत्कार झाला होता आणि 'आता सगळ्यांना काय सांगायचं' हा प्रश्न घरात सगळ्यांत मोठा होऊन बसला होता. तो चौथ्या वर्षाला माझ्या रोटेशनला आला तेव्हा त्याच्या नोट्स अचूक असायच्या, पण तो रुग्णाशी बोलायचं टाळायचा. ताई, निर्णय काहीही होवो, तो आत्ताच गावभर करू नका. मुलीला मागे फिरायला जागा राहू द्या.

मेडिकल स्कूल कसं आहे, हेही आजच बघायला हवं, कारण सात वर्षांच्या वाटेने जाणारी मुलगी ते आजच निवडते आहे. २६ जानेवारी २०२२ पासून डॉक्टरी परवान्यासाठीची पहिली परीक्षा, स्टेप वन, फक्त पास-नापास झाली. पूर्वी लहान शाळेतली मुलगी त्या एका आकड्यावर मोठ्या रेसिडेन्सीचं दार उघडायची. आता तो भार स्टेप टू, संशोधन, शिफारशी आणि काही प्रमाणात शाळेच्या नावावर आला आहे. इंटरनल मेडिसिन, बालरोग, फॅमिली मेडिसिन करायचं असेल तर एवढी चिंता नको. पण उद्या तिला त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स किंवा न्यूरोसर्जरी हवी वाटली, तर त्या शाळेचं स्वतःचं मोठं रुग्णालय आहे का, या विषयांच्या रेसिडेन्सी तिथेच आहेत का, याने बराच फरक पडतो. गेल्या काही वर्षांची मॅच यादी (कुणाला कुठे, कुठल्या विषयात रेसिडेन्सी मिळाली ती) शाळेच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. तीत विषय बघा, नुसती रुग्णालयांची नावं बघू नका. आणि तिला स्वतंत्रपणे विचारा, चार वर्षांनी साधा अर्ज केला असतास तर ही शाळा तुझ्या यादीत असती का?

पैशाबद्दल मी स्पष्टच बोलते, कारण नियम आत्ताच बदललेत. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने मेडिकलसाठीचं अमेरिकी केंद्र सरकारचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झालं. आता केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख. पालकांनी कॉलेजसाठी काढायच्या पेरेंट प्लस कर्जालाही मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आली. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा एकूण खर्च ३ लाख डॉलरच्या बराच पुढे जातो. वरची रक्कम घरातून किंवा खासगी बँकेच्या कर्जातून आणावी लागेल, आणि त्या कर्जाला सरकारी कर्जासारख्या परतफेडीच्या सवलती नसतात. नामांकित खासगी कॉलेजचा खर्च मदतीशिवाय हल्ली वर्षाला ९० हजारांच्या घरात आहे. राज्यातलं कॉलेज, निम्मी फी माफ आणि एक वर्ष कमी, हे सगळं धरलं तर दोन पर्यायांतला फरक दोन लाख डॉलरच्या वर सहज जातो. तो पैसा पदवीच्या नावावर घालवला तर मेडिकलच्या वेळी हात रिकामे राहतील. तुमचं उत्पन्न, दुसरं मूल, घराचं कर्ज, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून याहून पुढे जात नाही. पण मेडिकल स्कूलच्या प्रवेशात कॉलेजच्या नावाला पालक समजतात तेवढं वजन नसतं. जीपीए, एमकॅट, माणसांमध्ये केलेलं काम आणि ते काम सांगण्याची रीत, यांचं वजन जास्त. तेव्हा 'मोठं नाव मेडिकलसाठी उपयोगी पडेल' एवढ्याच कारणासाठी तो पैसा घालू नये. तिथलं शिक्षण, तिथली माणसं, तिथलं वातावरण तिला स्वतःला हवं असेल तर ते कारण मी मानेन.

मधली एक वाट आपल्या मंडळींत फारशी बोलली जात नाही. काही मेडिकल स्कूल्स कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांना आधीच जागा देतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायचा फ्लेक्समेड त्यातला सर्वांत माहितीतला. तिथे निवड झालेल्यांना एमकॅट द्यावी लागत नाही, कुठलंही मेजर चालतं. जागा थोड्या आणि स्पर्धा तीव्र आहे, त्यामुळे यावर भिस्त ठेवू नये. पण मुलीला सांगा, की आज 'हो' म्हटलं नाही तर थेट शेवटच्या वर्षापर्यंत काहीच हाती लागणार नाही, असंही नाही.

हे उत्तर इतर पालकही वाचतील, त्यांच्यासाठी व्हिसाचं सांगते. ज्यांचं ग्रीन कार्ड झालेलं नाही आणि मूल एच-४ वर (पालकांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे, त्यांनी वरच्या सगळ्याच्या आधी हे बघावं. बहुतेक बीएस-एमडी कार्यक्रम नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच घेतात. एच-४ एकविसाव्या वाढदिवशी संपतो. ग्रीन कार्डासाठी मुलाचं वय गोठवण्याची तरतूद आहे, पण ती तुमच्या अर्जाच्या तारखांवर अवलंबून असते आणि भारतीयांची रांग लांब आहे. ती लागू झाली नाही तर मुलाला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. मग बऱ्याच सरकारी मेडिकल स्कूल्सची दारं बंद होतात, केंद्र सरकारचं कर्ज मिळत नाही, आणि ज्या खासगी शाळा घेतात त्यांतल्या काही जणी एक ते चार वर्षांची फी आधीच खात्यात ठेवा म्हणतात. अशा घरांनी नववी-दहावीतच इमिग्रेशनच्या वकिलाला तारखा दाखवाव्यात. कॉलेज सल्लागाराला हे बहुधा ठाऊक नसतं.

आता तुमच्या प्रश्नावर माझं मत. तिला डॉक्टर व्हायचंय हे तिने स्वतःहून, तुमच्याकडे न बघता सांगितलं, तीन वर्षांनी बाहेर पडल्यास पदवी हातात पडते याची लेखी खात्री मिळाली आणि ते मेडिकल स्कूल तिच्या यादीत असतंच, तर मी सात वर्षांची जागा घेईन. या नव्या कर्जनियमांत पैशाचा फरक मला फार मोठा वाटतो, आणि सतराव्या वर्षी हवी असलेली मोकळीक तिला उन्हाळ्यात, मायनरमध्ये (जोडविषयात), किंवा मेडिकलच्या मधे एक संशोधनाचं वर्ष घेऊनही बरीचशी मिळू शकते. यातली एक जरी गोष्ट नसेल, विशेषतः पहिली, तर जागा सोडा. तेव्हाही महागडं विद्यापीठ हाच एक पर्याय उरत नाही. राज्यातल्या सरकारी विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात तिला प्रवेश मिळालाय का, ते तुम्ही लिहिलं नाही. मिळाला असेल तर साध्या वाटेसाठी मी आधी त्याच्याकडे बघेन.

या आठवड्यात कार्यक्रमाच्या संचालकांना मुलीने स्वतः ईमेल करावी. तुम्ही नको, बाबांनीही नको. तिने विचारावं, की गेल्या पाच वर्षांत जितक्या मुलांनी इथे सुरुवात केली त्यांतली किती प्रत्यक्ष मेडिकलला पोहोचली, आणि जी पोहोचली नाहीत ती का. जीपीएमुळे गळली, एमकॅटमुळे, की स्वतःहून गेली? चांगला कार्यक्रम चालवणारी माणसं याचं उत्तर सरळ देतात. सोबत तिसऱ्या वर्षातल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलायला मिळेल का, तेही विचारावं, आणि शक्यतो त्यातला एक असा असावा ज्याने जीवशास्त्र सोडून दुसरं काही करायचा प्रयत्न केला. दोन्हीकडे अनामत भरून ठेवण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. कॉलेजांना ते कळू शकतं आणि दोन्हीकडचा प्रवेश अडचणीत येऊ शकतो. वेळ हवा असेल तर १ मेच्या आधी लेखी मुदतवाढ मागा. कारण सांगून मागितली तर काही ठिकाणी थोडे दिवस मिळतात.